छाटलेल्या नळ्यांची एल्सी: एका जुन्या अमेरिकी दुनळीची ओळख आणि दुरुस्ती

एल. सी. स्मिथ नावाची ही छर्ऱ्यांची दुनळी बंदूक न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या एका घरात तीन पिढ्या होती. आजोबा गेल्यावर घरातल्या सामानाची किंमत करणाऱ्याने तिला एक चिठ्ठी बांधली: ‘एल. सी. स्मिथ, फील्ड ग्रेड, सोळा बोर, कारखान्याच्या मूळ २६ इंची नळ्या, मूळ ब्लूइंग, दुर्मिळ.’ (ब्लूइंग म्हणजे पोलादावर चढवलेला निळसर काळा थर.) नातू चिठ्ठीसकट ती आमच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आला. दस्त्याच्या भेगा बुजवून हव्या होत्या, फ्रेमवरचे, म्हणजे नळ्या आणि दस्ता जिला जोडतात त्या पोलादी सांगाड्यावरचे, उडालेले रंग पुन्हा चढवून हवे होते, आणि मग विकायची की ठेवायची हे तो ठरवणार होता. चिठ्ठीतले पहिले तीन मुद्दे खरे निघाले. उरलेले तीन खोटे निघाले आणि पुढचे सगळे काम त्या तिघांनीच ठरवले.

माझी भूमिका आधीच सांगतो. माझे आयुष्य टूलरूममध्ये गेले, त्यामुळे इथे मी मापे घेणारा माणूस. परवाना आणि बंदुकीची खरी जाण वर्कशॉपच्या मालकाची.

कोणतीही जुनी बंदूक हातात आली की आधी ती उघडायची आणि दोन्ही चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागा, रिकामे आहेत ना हे डोळ्याने आणि बोटाने पाहायचे. माळ्यावरच्या बंदुकीत भरलेले काडतूस निघणे ही दंतकथा नाही. त्यानंतर नाव वाचायचे, पण त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बंदुकीवर नाव घालून मिळणे फार स्वस्त होते. कनेटिकटमधल्या नॉर्विचच्या क्रेसंट कंपनीने लोखंडी सामानाच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी त्यांना हवी ती नावे ठोकून ढिगाने दुनळ्या बनवल्या. बेल्जियमहून येणाऱ्या स्वस्त बंदुकांवर तर नामांकित इंग्रजी कारागिरांच्या नावांशी जाणूनबुजून जुळवलेली नावे असत. त्यातल्या त्यात बेल्जियन ओळखणे सोपे, कारण नळीखाली लंबवर्तुळात ईएलजी हा लिएजच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे नळ्या दाबाला टिकतात का हे तपासणाऱ्या केंद्राचा, ठसा असतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांत दिसणाऱ्या इंग्रजी बंदुकांवरही लंडनचा किंवा बर्मिंगहॅमचा ठसा सापडतो. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस कधी झालेच नाही. त्यामुळे इथे सगळी भिस्त बंदुकीच्या अंगकाठीवर आणि कारखान्याच्या नोंदवह्यांवर.

अंगकाठीच्या बाबतीत ही बंदूक चटकन ओळखू येते. पार्कर, फॉक्स, इथाका या समकालीन दुनळ्यांची यंत्रणा फ्रेमच्या पोटात असते. स्मिथची मात्र खरी साइडलॉक: घोडा, कमान, सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) हे सगळे दोन बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर बसवलेले आणि त्या पट्ट्या दस्त्याच्या लाकडात खाच करून उतरवलेल्या. वरची कळ फिरवली की नळ्या उघडतात. बंद करताना एक फिरता अडसर वरच्या रिबच्या (दोन नळ्यांना जोडणाऱ्या लांब पट्टीच्या) मागे आलेल्या जिभेत शिरून तिला पकडतो. हा अडसर अलेक्झांडर ब्राउन यांच्या डोक्यातला. झीज होईल तसा तो थोडा जास्त फिरून पकड कायम ठेवतो, म्हणून वरची कळ हा झिजेचा काटाच झाला. बंद अवस्थेत कळ मध्यरेषेच्या उजवीकडे थांबत असेल तर अडसरात आयुष्य बाकी आहे, डावीकडे गेली असेल तर संपत आले. आमच्या बंदुकीची कळ उजवीकडेच होती. फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढून, नळ्या बंद करून हलवून पाहिले तर खडखड नाही. नळ्यांची मागची बाजू आणि फ्रेम यांच्यामधून उजेडाची रेघही दिसेना. म्हणजे बंदूक फार झडलेली नव्हती. नासधूस झाली होती ती वापराने नाही, हौशी हातांनी.

ज्याचे नाव तिच्यावर आहे त्या लायमन कॉर्नेलियस स्मिथने बंदुका फार वर्षे केल्याच नाहीत. सिरॅक्यूजचा हा कारखानदार. १८८०च्या दशकात बंदुकीला नाव मिळवून दिले आणि त्याच दशकाच्या अखेरीस तो धंदा हंटर कुटुंबाला विकून स्वारी टाइपरायटरकडे वळली. स्मिथ-कोरोना या टाइपरायटरच्या नावातला स्मिथ तो हाच. सिॲटलमधला १९१४ सालचा स्मिथ टॉवरही याच्याच पैशातून उभा राहिला. हंटरांनी कारखाना ओस्वेगो नदीकाठी फुल्टनला नेला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे स्मिथच्या नावाने बंदुका काढल्या. १९४५मध्ये मार्लिनने तो विकत घेतला, जानेवारी १९४९मध्ये कारखान्याचा मजला कोसळला आणि १९५०पर्यंत उत्पादन आटोपले. एल. सी. या आद्याक्षरांवरून संग्राहक तिला लाडाने ‘एल्सी’ म्हणतात. मीही पुढे तेच म्हणतो.

आमच्या एल्सीवर हंटर आर्म्स, फुल्टन असे होते आणि फील्ड ग्रेडही. हे दोन शब्द काळ सांगतात. १९१३पर्यंत एल्सीचे दर्जे ००, ०, १, २ अशा आकड्यांनी चालत. त्या वर्षी त्यांना फील्ड, आयडियल, स्पेशल्टी, ईगल, क्राउन अशी नावे मिळाली. म्हणजे बंदूक १९१३च्या आधीची नाही. फील्ड ही सगळ्यांत खालची पायरी, नक्षीकाम जवळपास नाहीच, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त खपलेली. सोळा बोर बारापेक्षा कमी बनली हे खरे, पण तिला दुर्मिळ म्हणणे म्हणजे विक्रेत्याची भाषा झाली. नळ्या, फ्रेम आणि फोरएंडचे लोखंड या तिन्हींवर एकच क्रमांक होता. तिन्ही भाग एकाच बंदुकीचे निघाले, ही मोठी जमेची बाजू.

नळ्यांचे खोटे

नळ्या मागच्या टोकापासून तोंडापर्यंत मोजल्या. २५ आणि ३/४ इंच भरल्या. हंटरांच्या नळ्या २६, २८, ३०, ३२ अशा सम इंचांत असत. पाव इंच कमी भरलेली नळी बघितली की करवतीची शंका घ्यायची. तोंडाकडून पाहिले तर शंका उरलीच नाही. दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. मागे जाड आणि लांब अंतरावर, पुढे बारीक होत एकमेकींकडे झुकत येतात आणि तोंडाशी एकमेकींना टेकतात. इथे त्या टेकत नव्हत्या. मध्ये केसभर फट होती आणि ती कथलाचा डाख भरून, वरून घासून झाकलेली. नेम धरायचा पुढचा मणीही नंतर भोक पाडून बसवलेला, आणि ते भोक रिबच्या मध्यापासून किंचित सरकलेले.

शेवटची खात्री बोर गेजने झाली. बोर म्हणजे काय तर नळीत मावेल अशा शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा. सोळा बोरचे गणिती माप ०.६६२ इंच. चोक म्हणजे तोंडाजवळ नळी थोडी आवळलेली असणे, ज्याने छर्रे जास्त अंतरापर्यंत एकत्र राहतात. हा आवळलेला भाग शेवटच्या दोन-तीन इंचांतच असतो. तो भाग कापला की चोकही गेला. आमच्या दोन्ही नळ्या मधोमध आणि तोंडाशी सारख्याच भरल्या. चोक शून्य.

वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयाच्या नोंद कार्यालयात एल्सीच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि क्रमांक दिला की फी घेऊन उतारा मिळतो. मालकाने तो मागवला. २८ इंची नळ्या, उजवी मॉडिफाइड (मध्यम) चोक, डावी फुल (पूर्ण). बाकी काही खास नाही. सव्वादोन इंच कुणीतरी कधीतरी कापले होते. घरात कुणाला आठवेना, पण कारण तर्काने समजते: तोंडात चिखल किंवा बर्फ अडकून बार काढला की नळीचे टोक फुगते किंवा फाटते, आणि शेतावरच्या माणसाकडे त्यावर एकच औषध असते.

आता ब्लूइंगकडे. मूळ म्हणावे इतके ते काळेभोर आणि चकचकीत होते, आणि नेमका तोच दोष. शंभरीला टेकलेल्या शिकारी बंदुकीच्या नळ्या हात पडतो तिथे करड्या व्हायला हव्यात. शिवाय अक्षरांच्या कडा बोटाला गोलसर लागत होत्या, म्हणजे आधी पॉलिशच्या चाकाखाली गेलेल्या. हे गरम क्षारांचे ब्लूइंग होते: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या १४० अंश सेल्सियसच्या आसपास उकळणाऱ्या द्रावणात भाग बुडवायचा, अर्ध्या तासात काळा. रायफलच्या एकट्या नळीला ते चालते. दुनळीच्या रिबा मात्र कथील-शिशाच्या डाखाने चिकटवलेल्या असतात आणि कॉस्टिक डाख खातो. त्याहून वाईट म्हणजे क्षार रिबेखालच्या पोकळीत शिरतात, ते धुऊन निघत नाहीत आणि आतून वर्षानुवर्षे गंज चढवत राहतात. कोणत्या दुकानात हे केले ते मालकाला ठाऊक होते. ते दुकान आता चालू नाही, तेव्हा नाव घेऊन उपयोग नाही.

रिब सुटली आहे का हे पाहायला नळ्या मागच्या आकड्यात दोरी घालून टांगायच्या आणि बोटाच्या पेराने ठोकायच्या. रिबा घट्ट असतील तर देवळातल्या घंटेसारखा नाद उठतो आणि रेंगाळतो. आमच्या नळ्यांतून बद्द आवाज आला. मग त्या गरम पाण्यात बुडवल्या, तेव्हा खालच्या रिबेच्या मधल्या भागातून बुडबुड्यांची माळ वर आली.

काय करायचे नाही

नातवाला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. ज्या बंदुकीच्या विक्रीतून काहीतरी सुटेल असे वाटत होते, तिची दुरुस्ती आता तिच्या बाजारभावापेक्षा महाग पडणार होती. रिबा पुन्हा बसवणे आणि रस्ट ब्लूइंग हे दोन्ही हाताचे, दिवसेंदिवस चालणारे काम. संग्राहकाच्या दृष्टीने छाटलेल्या नळ्यांची फील्ड ग्रेड म्हणजे सुट्या भागांचा साठा. मालकाने त्याला सरळ सांगितले की विकायची असेल तर एक पैसाही खर्च करू नकोस आणि घेणाऱ्याला सगळे सांगून विक. वापरायची असेल तर आपण बोलू. आठवडाभराने त्याचा फोन आला, वापरणार म्हणाला. हे कळल्यावर कामाची यादी अर्ध्यावर आली.

पहिला काट फ्रेमच्या रंगांवर. कारखान्यात फ्रेम हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत तापवत आणि हवा खेळवलेल्या पाण्यात एकदम बुडवत. वरच्या पातळ थरात कार्बन शिरून तो कठीण होई आणि निळे, तपकिरी, राखाडी ढग उमटत. हे आज पुन्हा करून देणारे लोक आहेत. पण तापवून बुडवताना फ्रेम थोडी जरी वाकली तर शंभर वर्षे जुळलेला सांधा जातो आणि लॉकच्या पट्ट्या खाचेत बसेनाशा होतात. टॉर्चने रंग काढणारेही आहेत. त्याने रंग येतात आणि कडकपणा जातो. आमच्या फ्रेमवर फोरएंडखाली आणि कळीच्या मागे मूळ रंगाचे तुकडे अजून शाबूत होते, बाकी सगळी चंदेरी करडी. ती तशीच ठेवली. दिसायला म्हणाल तर मला ती करडी फ्रेम नव्या रंगांपेक्षा जास्त आवडते, पण निर्णयाचे कारण ते नव्हते.

दुसरा काट चेंबरवर. त्या काळातल्या सोळा बोरच्या चेंबरची लांबी २ ९/१६ इंच, आणि आमचे तेवढेच भरले. आज दुकानात मिळणारे सोळा बोरचे काडतूस २ ३/४ इंचाचे. गंमत अशी की ते जुन्या चेंबरमध्ये आरामात बसते आणि बंदूक बंदही होते, कारण काडतुसाची लांबी उडाल्यानंतर तोंड उघडल्यावर मोजतात. बार उडाला की ते उघडलेले तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. अनेक जण यावर चेंबर लांब करून घेतात. पण त्यात धातू जातो तो दाब सगळ्यांत जास्त असतो त्या जागी. शिवाय अमेरिकेत आजच्या सोळा बोरच्या काडतुसाला ११,५०० पीएसआयपर्यंत (चौरस इंचावर इतके पौंड) दाब मान्य आहे. लांब केलेल्या चेंबरला तो आकडा आपोआप पचत नाही. २ १/२ इंची, ७,००० पीएसआयच्या आसपासची काडतुसे बनवणारे छोटे उत्पादक आहेत. नातवाला तीच वापरायला सांगितले आणि चेंबरला हात लावला नाही.

चोकही परत दिला नाही. नळीच्या आत तोंडाच्या थोडे मागे धातू कोरून कृत्रिम चोक करता येतो, पण त्यासाठी भिंत जाड हवी. मी भिंतीची मापे घेतली तेव्हा डावी नळी एका जागी २६ थाऊ, म्हणजे इंचाचे २६ हजारांश भाग, भरली. २० थाऊखाली गेलेली नळी वापरू नये असे जाणकार मानतात. तिथून आणखी कोरायला कुणीच तयार नव्हते. आणि खरे सांगायचे तर इथल्या जंगलात रफ्ड ग्राउस आणि वुडकॉक हे पक्षी झुडपातून वीस-पंचवीस यार्डांवर उडतात. त्या अंतराला चोक नसलेली नळी अडचण नसून सोयच आहे.

जे केले ते

रिबा काढल्या. आत अपेक्षेप्रमाणे पांढरे क्षार आणि लाल गंज. तो सगळा खरवडून, उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, दोन्ही पृष्ठभागांना नव्याने कथील चढवले. डाखासाठी राळ वापरली, आम्लाचा फ्लक्स नाही. आम्ल आत राहिले तर आधीच्या चुकीचीच आवृत्ती. रिबा तारेने गच्च बांधून, तारेखाली छोट्या पाचरी मारून, हळूहळू तापवून डाख वाहू दिला. तोंडाशी कापलेल्या फटीत भरलेला गलिच्छ डाख काढून तिथे पोलादाची बारीक पाचर घासून बसवली. लपवण्यासाठी नव्हे, पाणी आत जाऊ नये म्हणून. थंड झाल्यावर टांगून ठोकले. नाद आला.

रस्ट ब्लूइंग हे संयमाचे काम आहे. तेलाचा अंशही नसलेल्या नळीवर आम्लाचे पातळ द्रावण फडक्याने एकाच दिशेने फिरवायचे, दमट पेटीत तासन्‌तास ठेवायचे. बारीक लाल गंज चढला की नळ्या स्वच्छ पाण्यात उकळायच्या. उकळल्यावर लाल ऑक्साइडचे काळे ऑक्साइड होते. सुटी पूड मऊ तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीत रंग थोडा खोल जातो. शेवटी येतो तो चकाकणारा काळा नव्हे, तर मंद, निळसर, रेशमी. पाणी उकळते त्याहून जास्त उष्णता यात लागत नाही, म्हणून डाख सुरक्षित. घासून गेलेली अक्षरे पुन्हा कोरायची का, हा प्रश्न मालकानेच निकाली काढला: नाही.

लाकूड हा एल्सीचा जुना आजार. लॉकची पट्टी लाकडात खोल बसते आणि तिच्या मागच्या टोकापाशी अक्रोडाची भिंत पातळ उरते. फ्रेमला लाकडाचा आधार थोडा. वर्षानुवर्षे तेल मुरून तिथले लाकूड मऊ होते, स्क्रू ढिले पडतात, आणि प्रत्येक बाराला फ्रेम मागे सरकून पट्टीचे टोक लाकडात पाचरीसारखे घुसते. भेग पडते ती नेमकी त्या टोकापासून मागे. आमच्या बंदुकीत दोन्ही बाजूंना होती. आधी कुणीतरी भेगेवर बाहेरून सरस लावून गप्प बसवले होते, कारण मात्र तसेच.

इथे बहुतेक वेळ तेल काढण्यात गेला. ॲसिटोनमध्ये खडूची बारीक पूड कालवून लाकडावर थापायची, ऊब द्यायची, पूड पिवळी पडली की झाडून पुन्हा थापायची. तेल असलेल्या लाकडाला कुठलाच इपॉक्सी धरत नाही. पूड पांढरीच राहू लागल्यावर भेगा हलकेच फाकवून पातळ इपॉक्सी आत ओढू दिला आणि आवळून ठेवले. मग मुख्य काम: फ्रेमच्या मागे, लाकडाशी टेकते तिथे, इपॉक्सीचा कडक थर देऊन पूर्ण पृष्ठभागाचा आधार केला आणि पट्टीच्या मागच्या टोकाशी मुद्दाम सुमारे १० थाऊची मोकळीक ठेवली. आता धक्का फ्रेममार्फत दस्त्याच्या जाड भागात जातो, पट्टी कुणाला ढकलत नाही. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात. पकडीसाठी कोरलेल्या जाळीच्या झिजलेल्या खाचा फक्त साफ केल्या, खोल केल्या नाहीत.

स्क्रू बदलले नाहीत. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. बाजारी स्क्रूड्रायव्हर त्यांचे काठ चिरडतो, म्हणून प्रत्येक खाचेसाठी पाते घासून बेतावे लागते. चिरडलेले काठ बारीक हातोडीने आत ठोकून घेतले, एवढेच.

पहिले बार हातात धरून काढले नाहीत. बंदूक चौकटीत आवळून, दोरीने चाप ओढून, नंतर मापे पुन्हा घेतली. काहीच हलले नव्हते. पुठ्ठ्यावर छर्‍यांचा फैलाव पाहिला तेव्हा पंचवीस यार्डांवर उजवी नळी थोडी खाली आणि डावीकडे मारते असे दिसले. नळ्या छाटल्यावर हे होऊ शकते, आणि नातवाला ते कागदावर काढून दाखवले.

पुढच्या हंगामानंतर त्याने बंदूक तपासायला आणली. पट्ट्या काढून पाहिले तर मागची मोकळीक तेवढीच आणि भेगा बंद. फोरएंडची खिट्टी मात्र थोडी ढिली वाटली; तिची कमान सध्या टेबलावर आहे.